छातीतली नालेसफाई

टीबी बरा झाला, पण खोकला गेला नाही. कफ रोज पडतो, अधूनमधून ताप येतो, जिना चढताना दम लागतो. अशा जुनाट छातीबरोबर वर्षानुवर्षं नांदायचं कसं?

भाईंदरहून चर्चगेटला जाणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळवण्याचा हमखास उपाय आमच्या आईकडे होता. ती खोकायची. शेजारच्या दोघी लगेच उठून दाराकडे सरकायच्या. आता ती हे हसत सांगते. पण नोकरीच्या दिवसांत दहिसरपासून दादरपर्यंत ती तोंडात रुमाल कोंबून उबळ दाबून धरायची, आणि घरी आली की खोकला थांबवणाऱ्या सिरपचे दोन चमचे घ्यायची. पुढे छातीच्या एका डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत तिला विचारलं, “बाई, खोकला दाबता कशाला? तो तुमचा सफाई कामगार आहे. त्याला कामावर येऊ द्या.”

आईला तिशीत टीबी झाला होता. औषधांचा पूर्ण कोर्स तिने केला, टीबी गेला, छाती मात्र पूर्वीसारखी झाली नाही. असे लोक आपल्याकडे घरोघरी आहेत. “त्यांची छाती नाजूक आहे” एवढ्यावर त्यांची बोळवण होते. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा लेख आहे. सगळ्या सल्ल्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: या आजारात औषधाइतकंच महत्त्व साचलेला कफ रोज बाहेर काढण्याला आहे, आणि ते काम डॉक्टर करत नाहीत, आपल्यालाच करायचं असतं.

आजार आहे तरी काय?

श्वासनलिकांच्या आत केसांहून बारीक तंतू असतात. ते एका तालात हलत राहतात आणि धूळ, जंतू अडकलेला कफ घशाकडे ढकलत आणतात. तो आपण नकळत गिळून टाकतो. टीबी, लहानपणचा जबर न्यूमोनिया, गोवर किंवा डांग्या खोकला यांनी फुप्फुसाच्या एखाद्या भागात व्रण पडला की तो भाग आक्रसतो आणि शेजारच्या नलिकांच्या भिंती ओढून धरतो. नलिका रुंद आणि सैल होते, तिच्यातले तंतू झडतात. मग कफ पुढे सरकत नाही. साचलेल्या कफात जंतू वाढतात, जंतूंमुळे सूज येते, सुजेनं भिंत आणखी बिघडते आणि आणखी कफ साचतो. या आजाराला ब्रॉन्किएक्टॅसिस म्हणतात. फ्रेंच वैद्य रेने लेनेक यांनी १८१९ मध्ये त्याचं वर्णन केलं. स्टेथोस्कोप शोधून काढणारे ते हेच.

मीरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. पावसाळ्यात खाडीला भरती असते तेव्हा नाल्यातलं पाणी पुढे जात नाही, मागे फिरतं आणि सखल भागात घुसतं. त्यातच नाला गाळानं भरलेला असेल तर बघायलाच नको. रुंदावलेली श्वासनलिका म्हणजे उतार हरवलेला नाला. पाणी आपोआप वाहून जाईल हा भरवसा तिथे संपलेला असतो. मग एकच मार्ग उरतो, नालेसफाई. आणि ती मे महिन्यात एकदा करून भागत नाही, रोज करावी लागते.

आपल्या देशात याचं सर्वांत मोठं कारण जुना टीबी आहे. भारतातल्या ३१ केंद्रांमधल्या २,१९५ रुग्णांची नोंद करणारा अभ्यास २०१९ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३५.५ टक्के रुग्णांच्या आजाराचं मूळ टीबीत सापडलं. जगातल्या दर चार नव्या क्षयरुग्णांपैकी साधारण एक भारतात असतो. त्यामुळे टीबीतून बरे झालेल्या पण छातीनं अधू राहिलेल्या माणसांची संख्या इथे मोठी असणार, हे उघड आहे.

डाग दिसला म्हणजे टीबी परतला असं नाही

एकदा आईला ताप आला आणि कफ वाढला. एका दवाखान्यात एक्स-रे काढला, “डाग आहे” म्हणाले, आणि थुंकी न तपासताच टीबीच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या. दोन महिने तिची भूक मेली. शेवटी कल्चरचा रिपोर्ट आला तेव्हा टीबी नव्हताच, जंतू दुसराच होता. अशी गोष्ट अनेक घरांत घडते, म्हणून काही गोष्टी नीट ध्यानात ठेवा.

जुना डाग आयुष्यभर राहतो. भाजल्याचा व्रण जसा हातावर राहतो, तसाच. नवा एक्स-रे नेहमी जुन्याशेजारी धरूनच वाचायचा असतो. म्हणून जुनी फिल्म रद्दीत टाकू नका.

नलिका कुठे आणि किती रुंदावल्या आहेत हे साध्या एक्स-रेत नीट दिसत नाही. त्यासाठी छातीचा एचआरसीटी स्कॅन लागतो. तो एकदा चांगला काढून ठेवला की वारंवार लागत नाही.

थुंकीच्या तीन तपासण्या वेगवेगळ्या असतात, त्यांची सरमिसळ करू नका. साध्या कल्चरमध्ये नेहमीचे जंतू कळतात आणि कोणतं अँटिबायोटिक चालेल ते कळतं. सीबीनॅट तपासणी टीबीच्या जंतूचा अंश शोधते. पण पूर्वी टीबी होऊन गेलेल्या माणसात मेलेल्या जंतूंचा अंशही ती पकडू शकते. त्यामुळे अशा रुग्णात टीबीच्या जंतूचं वेगळं कल्चर निर्णायक ठरतं. त्याला काही आठवडे लागतात, ते द्यावेत.

सूक्ष्मदर्शकाखाली टीबीसारखाच दिसणारा जंतू प्रत्येक वेळी टीबीचा असतोच असं नाही. माती-पाण्यात राहणारे त्याचे चुलतभाऊ आहेत. डॉक्टर त्यांना एनटीएम म्हणतात. बिघडलेल्या फुप्फुसात ते घर करतात. त्यांची औषधं वेगळी असतात, बहुधा तीन एकत्र, आणि कल्चर स्वच्छ आल्यानंतरही साधारण वर्षभर घ्यावी लागतात. टीबीनं पडलेल्या पोकळीत कधी अस्परजिलस या बुरशीचा गोळा वाढतो. रक्ताच्या तपासणीनं आणि स्कॅननं तो ओळखता येतो. म्हणून उपचार महिनोन् महिने चालूनही बरं वाटत नसेल, तर “जंतू कोणता आहे ते कल्चरनं ठरलंय का?” हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. चांगला डॉक्टर त्यावर रागावत नाही.

टीबीचा कोर्स अलीकडेच संपला असेल तर आणखी एक गोष्ट. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात उपचार संपल्यावर ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी पुन्हा तपासणी करायची असते. कोणी फोन करील म्हणून थांबू नका, आपणहून जा. कार्यक्रमाची १८००-११-६६६६ ही मदतवाहिनी मोफत आहे.

कफ काढायची रीत

ही रीत एकदा तरी फिजिओथेरपिस्टसमोर बसून शिका. कोणत्या कुशीवर किती वेळ झोपायचं हे आपला डाग कुठे आहे यावर ठरतं, आणि तो स्कॅन बघूनच ते सांगू शकतात. घरी रोज करायची पद्धत साधारण अशी असते.

वेळ सकाळी उठल्यावर, नाश्त्याच्या आधी. कफ जास्त असेल तर संध्याकाळी पुन्हा. जेवणानंतर निदान दीड-दोन तास जाऊ द्या, नाहीतर उलटी होते.

पहिली पायरी: खांदे सैल सोडा, एक हात पोटावर ठेवा आणि मिनिटभर संथ श्वास घ्या.

दुसरी: नाकानं खोल श्वास घ्या, साधारण तीन सेकंद रोखा, घाई न करता सोडा. असं तीन-चार वेळा. रोखलेल्या श्वासात हवा आजूबाजूच्या वाटांनी साचलेल्या कफाच्या मागे शिरते. रेटा मागून मिळाला तरच कफ पुढे येतो.

तिसरी: पुन्हा मिनिटभर संथ श्वास.

चौथी: हफ. आरशावर वाफ धरायला “हाऽऽ” करतो तसं तोंड उघडं ठेवून पोटाच्या जोरानं हवा बाहेर फेका. आधी मध्यम श्वास घेऊन लांब हफ करा, त्यानं खोलवरचा कफ हलतो. नंतर मोठा श्वास घेऊन छोटा आणि जोरदार हफ करा, त्यानं वर आलेला सुटतो. कफ घशापाशी आला की मगच खोका आणि थुंका.

हे चक्र पुन्हा पुन्हा करा. लागोपाठ दोन हफ कोरडे आले, म्हणजे खरखर ऐकू आली नाही, की झालं. दहा मिनिटांत होईल किंवा अर्धा तास लागेल. थकवा आला तर थांबा.

पाठीवर थापटणं हे आपल्याकडे पूर्वापार चालत आलं आहे. काहींना त्याचा उपयोग होतो, पण हाडं ठिसूळ असतील किंवा कफातून रक्त येत असेल तर थापटू नका. डोकं खाली करून झोपणं तर आम्लपित्त, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. फुंकर मारल्यावर आत थरथर उठवणारी छोटी उपकरणंही मिळतात. हातात धरायचं साधन असलं की आळस कमी होतो, हा त्यांचा मोठा फायदा.

आता कोणी मोकळेपणानं बोलत नाही ते सांगते. लोकलमध्ये आई खोकला दाबायची तो फक्त शेजारच्या बायकांच्या नजरेमुळे नव्हे. जोरात खोकलं की लघवीचे थेंब निघायचे. हे तिने मला कितीतरी वर्षांनी सांगितलं, डॉक्टरांना तर कधीच नाही. बाळंतपणं झालेल्या आणि वर्षानुवर्षं खोकणाऱ्या बायकांमध्ये हे अगदी नेहमीचं आहे, आणि त्यावर इलाज आहे. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, म्हणजे लघवी मध्येच रोखायला वापरतो ते, आवळण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात. हफ करायच्या क्षणी ते स्नायू आवळून धरायची सवय लावली की काही आठवड्यांत फरक पडतो. बायका याच लाजेनं खोकला गिळतात आणि कफ छातीत साठवतात. म्हणून ही गोष्ट डॉक्टरांपुढे बोलायलाच हवी.

मीठ, वाफ आणि भांडी

चिकट कफ पातळ करायचा सोपा उपाय म्हणजे पाणी. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे बंधन नसेल तर दिवसभर थोडं थोडं पीत राहा. त्याहून प्रभावी उपाय मिठाचा. समुद्रात सर्फिंग करणाऱ्या काही ऑस्ट्रेलियन तरुणांना सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसांचा जन्मजात आजार होता, आणि त्यांची छाती इतर रुग्णांपेक्षा बरी राहते असं तिथल्या डॉक्टरांच्या ध्यानात आलं. खारट तुषार आत जातात, मीठ आजूबाजूचं पाणी खेचतं आणि कफ सैल होतो. त्यावर पुढे रीतसर अभ्यास झाले. आज डॉक्टर ३ टक्क्यांपासून ७ टक्क्यांपर्यंतचं निर्जंतुक मिठाचं द्रावण नेब्युलायझरमधून घ्यायला सांगतात.

भाईंदरला मिठागरांचा शेजार आहे, म्हणून कोणी खडेमीठ उकळून नेब्युलायझरमध्ये ओतू नये. घरचं द्रावण निर्जंतुक नसतं आणि त्यातलं मिठाचं प्रमाणही भरवशाचं नसतं. द्रावण औषधाच्या दुकानातून सीलबंद आणा. पहिला डोस दवाखान्यातच घ्या, कारण काहींची छाती त्यानं आवळते. क्रम लक्षात ठेवा: आधी श्वासनलिका मोकळी करणारं औषध, मग मिठाची वाफ, मग कफ काढणं, आणि शेवटी स्टेरॉइडचा पंप किंवा वाफेतून घ्यायचं अँटिबायोटिक. कफ भरलेला असताना आधीच पंप ओढला, तर औषध कफावरच बसतं.

ज्या यंत्रातून औषध घेतो त्यातच जंतू पोसले जाणं हा या आजारातला सर्वांत चिडवणारा प्रकार. प्रत्येक वापरानंतर नेब्युलायझरचा कप आणि मास्क कोमट साबणपाण्यानं धुवा आणि स्वच्छ कापडावर उघड्या हवेत वाळू द्या. ओला डबा बंद करून कपाटात ठेवू नका. भाग उकळण्याजोगे असतील तर कंपनीच्या सूचनेप्रमाणे उकळा. आमच्याकडे चहाचं एक जुनं पातेलं फक्त याच कामाचं आहे, दुसरं काही त्यात होत नाही. यंत्रात नळाचं पाणी घालायचं नाही.

कफाची वही

शंभर पानी वही घ्या. रोज एक ओळ लिहा: कफ किती, रंग कोणता, दम कसा, ताप आहे का, व्यायाम झाला का. किती हे मोजायला झाकणाची पारदर्शक डबी वापरा. पांढरा, पिवळसर, हिरवट, यातला आपला नेहमीचा रंग कोणता ते ठाऊक असलं तरच बदल कळतो. आईचा नेहमीचा कफ फिकट पिवळा आणि साधारण दोन चमचे. तो तिचा चांगला दिवस. तिच्या शेजारणीला तेवढ्यानं घाम फुटेल.

खालच्यांपैकी तीन किंवा अधिक गोष्टी दोन दिवस टिकल्या, तर आजार उसळला असं समजा:

- खोकला वाढला
- कफाचं प्रमाण किंवा चिकटपणा बदलला
- रंग गडद, हिरवा झाला
- दम जास्त लागू लागला
- अंगातली ताकदच गेली, थकवा आला
- कफात रक्त दिसलं

आता क्रम महत्त्वाचा आहे. अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी थुंकीचा नमुना द्या. सकाळी साध्या पाण्यानं चूळ भरा, खोलवरून कफ काढा आणि निर्जंतुक डबीत घ्या. लाळ नको. दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोहोचवा. मग डॉक्टरांना दाखवा. अशा वेळी अँटिबायोटिकचा कोर्स बहुधा १४ दिवसांचा असतो. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद करणं म्हणजे उरलेल्या जंतूंना शहाणं करून सोडणं. या दिवसांत कफ काढायच्या वेळाही वाढवा.

मेडिकलवाल्याकडून “मागच्या वेळचीच द्या” म्हणून औषध घेऊ नका. यात एक खास धोका आहे. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधं टीबीलाही अर्धवट दाबतात. आत टीबी परतलेला असेल तर काही दिवस बरं वाटतं आणि निदान लांबतं. लगेच बरं वाटायला लावणाऱ्या सुईबद्दलही सावध राहा. तिच्यात अनेकदा स्टेरॉइड असतं. त्यानं दोन दिवस हुशारी वाटते आणि जंतूंना मोकळं रान मिळतं.

वर्षात तीन किंवा अधिक वेळा आजार उसळत असेल तर काही रुग्णांना अझिथ्रोमायसिन कमी मात्रेत, आठवड्यातून तीन दिवस वगैरे, दीर्घकाळ देतात. २०१२ मध्ये न्यूझीलंडमध्ये १४१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत याचा फायदा दिसला. पण ते सुरू करण्याआधी कफात एनटीएम नाही ना, ईसीजी ठीक आहे ना आणि ऐकू नीट येतं ना, हे बघून घ्यावं लागतं. एनटीएम असताना हे एकटं औषध दिलं तर तो जंतू त्याला दाद देईनासा होतो. याच आजारासाठी तयार झालेल्या ब्रेन्सोकॅटिब या पहिल्या गोळीला अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये मान्यता मिळाली. जंतूंशी लढणाऱ्या पेशींच्या अतिउत्साहाला ती आवर घालते. पण तीही साचलेला कफ बाहेर काढून देत नाही.

रक्त दिसलं तर

कफात रक्ताची एखादी रेघ या आजारात अधूनमधून दिसते. घाबरू नका, वहीत नोंद करा, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा आणि पाठ थापटणं व जोरदार हफ थांबवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधी सांगा. दोन-चार चमचे ताजं लाल रक्त आलं किंवा रक्त थांबेना, तर १०८ ला फोन करा आणि रुग्णालय गाठा. रुग्णाला उताणं झोपवू नका. डाग ज्या बाजूला आहे त्या कुशीवर झोपवा, म्हणजे चांगलं फुप्फुस वर राहतं आणि रक्त त्यात उतरत नाही. आपला डाग उजवीकडे की डावीकडे, हे घरातल्या सर्वांना पाठ असायला हवं. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. मोठ्या रुग्णालयांत रक्त येणारी धमनी मांडीतून नळी घालून आतून बंद करतात. पूर्वी ज्यासाठी छाती उघडावी लागे, ते काम आता अनेकदा त्यानं भागतं.

बोलताना वाक्य पुरं होत नाही, ओठ निळसर झाले, माणूस गोंधळलेलं बोलतोय, किंवा बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरचा आकडा ९० च्या खाली गेला किंवा नेहमीपेक्षा तीन-चार अंकांनी उतरला, तर वाट बघत बसू नका.

घरची आणि दारची हवा

मीरा-भाईंदरची हवा बाहेरून बघायला खाडीची, मोकळी. पण पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने, काशीमिऱ्यापासून महामार्गावरची वाहनं आणि गल्लोगल्ली चाललेली बांधकामं, यांतून बारीक धूळ उठते. भांड्यांना पॉलिश मारायच्या कामावर असाल आणि छाती अधू असेल, तर त्या टेबलावरून बदली मागून घ्या. साधा रुमाल ही धूळ अडवत नाही, त्यासाठी एन-९५ मास्क लागतो. केंद्रीय प्रदूषण मंडळाचं ‘समीर’ अॅप मोबाइलवर ठेवा. त्यातला हवेचा निर्देशांक २०० च्या वर असेल त्या दिवशी पहाटेचं फिरणं घरातल्या घरात करा. हिवाळ्यात धूळ पहाटे खालीच साचते आणि ऊन चढल्यावर हवा थोडी सुटते.

घरात उदबत्ती, धूप, डास पळवणारी कॉइल आणि फोडणीचा ठसका यांना आवर घाला. देव उदबत्तीवाचून रागावत नाहीत, फूल आणि निरांजन त्यांना पुरतं. खिडकीच्या कडेवर आणि एसीच्या डक्टमध्ये कबुतरं बसत असतील तर जाळी लावा. वाळलेली विष्ठा झाडायचं काम छातीच्या रुग्णानं करू नये. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की काळी बुरशी धरते. ती पुसून काढा आणि रुग्णाची खाट त्या भिंतीपासून दूर सरकवा. एनटीएमचे जंतू माती-पाण्यात असतात, म्हणून कुंडीतली माती हलवताना मास्क लावा आणि आधी माती ओली करा. शॉवरपेक्षा बादलीनं अंघोळ बरी.

ताटात काय, पायात किती

या आजारात वजन नकळत उतरतं. श्वास घेण्यातच शक्ती खर्च होते आणि स्नायू झिजतात, ज्यांत खोकायचे स्नायूही आले. म्हणून प्रथिनं जेवणात पहिली वाढा. मूत्रपिंडं ठीक असतील तर वजनाच्या दर किलोमागे एक ते दीड ग्रॅम रोज. दोन अंड्यांत साधारण १२ ग्रॅम मिळतात. डाळ, उसळ, दही, शेंगदाणे, आणि खात असाल तर मासे. उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूंवर टांगून वाळवलेले बोंबील बाजारात मिळतात. भाकरीबरोबर त्यांची चटणी केली की भूक मेलेला माणूसही दोन घास जास्त खातो. मीठ कमी करायला सांगितलं असेल तर बोंबील आधी पाण्यात भिजवून पिळून घ्या. एकदम पोटभर जेवलं की दम लागतो, त्यापेक्षा थोडं थोडं पाच वेळा खा. जेवल्यावर दोन-तीन तास आडवं होऊ नका. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्या की आम्ल छातीत चढत नाही. तेही फुप्फुसात झिरपून त्रास देतं. बुरशीवरच्या इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल चालू असतील तर त्या जेवणाबरोबर घ्या. पित्ताच्या गोळीनं त्यांचा असर कमी होतो, म्हणून दोन्ही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

“दम लागतो म्हणून चालत नाही” हे वाक्य उलटं करा: चालत नाही म्हणूनच दम लागतो. रोज वीस-तीस मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा चालीनं. आई जेसल पार्कच्या चौपाटीवर फिरते, बाकडं दिसलं की बसते, पुन्हा उठते. चालणं हाही कफ हलवायचा व्यायाम आहे. फुप्फुसांच्या पुनर्वसनाचा सहा ते आठ आठवड्यांचा कार्यक्रम जवळच्या रुग्णालयात असेल तर नाव घालाच. दरवर्षी फ्लूची लस आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं न्यूमोकोकलची लस टोचून घ्या. विडी-सिगारेट सोडायला उशीर झाला असं कधीच होत नाही.

फाइल आणि माणसं

एका फाइलमध्ये जुन्या टीबीचं कार्ड, स्कॅनची सीडी, आतापर्यंतचे सगळे कल्चर रिपोर्ट तारखेनं लावलेले आणि न सोसणाऱ्या औषधांची नावं ठेवा. नवा डॉक्टर भेटला की दहा मिनिटांत आपला इतिहास त्याच्यापुढे असतो. फिजिओथेरपीचा खर्च झेपत नसेल तर आधी सरकारी रुग्णालयात चौकशी करा. भाईंदर पश्चिमेचं पंडित भीमसेन जोशी रुग्णालय, ज्याला आपण सगळे टेंभा म्हणतो, ते जवळचं आहे. दमसासासाठी ज्यांच्याकडे बोट दाखवायचं, त्या गवयाचं नाव रुग्णालयाला दिलं आहे हे छातीच्या रुग्णाला आवडून जातं. मोठ्या उपचारासाठी महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत आपण बसतो का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

आणि घरच्यांनी एवढं करा. टीबी बरा झालेल्या माणसाचा हा रोजचा खोकला टीबीसारखा पसरत नाही. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, नातवाला मांडीवर घ्यायला हरकत नाही. नवा ताप, वजनात घट आणि रात्रीचा घाम अशी शंकेची लक्षणं असतील तर रिपोर्ट येईपर्यंत मात्र मास्क लावा आणि खिडक्या उघड्या ठेवा. उलट काळजी सर्दी झालेल्या पाहुण्यानं घ्यायला हवी, कारण त्याची दोन दिवसांची सर्दी इथे दोन आठवड्यांचं अँटिबायोटिक होते. सकाळी बाथरूममधून येणाऱ्या हफच्या आवाजाला नाक मुरडू नका. आमच्याकडे त्या वेळी रेडिओ लावतात, म्हणजे आईला संकोच वाटत नाही आणि आम्हाला बातम्या कळतात.

दरवर्षी पावसाच्या तोंडावर नालेसफाई १०० टक्के पूर्ण झाल्याच्या घोषणा होतात, आणि पहिल्या जोरदार सरीला गुडघाभर पाणी साचतं. आईच्या वहीत तसा शेरा आजवर एकदाही आलेला नाही. तिथे रोजच्या ओळीपुढे दोन चौकोन असतात, एक सकाळचा, एक संध्याकाळचा. काम झालं की ती त्यात बरोबरची खूण करते. परवा पाहिलं तर सातवी वही चालू होती.